ओरिनचा डावा गाल

९ मे २०११, सोमवार
सकाळी १५८/९२.

जनीनने हे दंडाला बांधायचं यंत्र आणलं आणि सोबत ही वही. म्हणाली, "रोज फक्त तारीख आणि आकडे लिहायचे, बाबा. बाकी काही नाही." मुलगी नर्स असली की बापाला शाळेत परत बसावं लागतं. मी दहावीच्या वर्षीच शाळा सोडून बेसबॉल खेळायला गेलो होतो, ते तिनं आता वसूल केलं.

दुपारी टपाल आलं. ओरिन टेस्कचं पत्र. नाताळचं कार्ड दर वर्षी येतं, पण पत्र पहिल्यांदाच. नेब्रास्कातलं त्याचं गाव, एल्क फोर्क, तिथल्या मैदानाला त्याचं नाव देणार आहेत. १८ जूनला. लिहितो, "भाषण तू करायचंस, डेल. चार वाक्यं पुरेत. माझा हात किती चांगला होता आणि मग एका दिवसात कसा गेला, हे तुझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. तू माझा कॅचर होतास."

पत्र वाचल्यावर परत यंत्र लावलं. १७१/९८. हा आकडा जनीनला दाखवायचा नाही.

११ मे
१६२/९४.

गॅरेजच्या भिंतीवर खिळ्यांना माझ्या अकरा टोप्या टांगल्या आहेत. पंधरा वर्षं, अकरा संघ. लोक विचारतात, इतके संघ कसे? मी हसून सांगतो की मला सगळे इतके मागत होते. खरं म्हणजे मला कोणी ठेवतच नव्हतं. कॅचर म्हणून, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलायला, मी बरा होतो, बॅट हातात आली की लाकूडतोड्या. एकदा तर माझ्या बदल्यात कोणता खेळाडू द्यायचा तेसुद्धा ठरलेलं नव्हतं. "नंतर कळवू" एवढंच कागदावर होतं. शेवटी कोणालाच दिलं नाही.

अशा माणसाला नव्या संघात रिकाम्या हातानं जाता येत नसे. ही आमच्यातली रीत होती, सगळेच पाळत. नव्या मॅनेजरनं पहिल्याच दिवशी विचारायचं, "तिकडचं काय आणलंयस?" आणि आपण जुन्या संघाची गुपितं त्याच्यासमोर मांडायची. कोणाचा खांदा दुखतो, कोण आतल्या चेंडूला घाबरतो, त्यांच्या खुणा काय. आज मांडलं नाही तर उद्या आपली बॅग बाहेर. माझी बॅग बाहेर पडू नये म्हणून मी दहा वेळा मांडलं आहे. नऊ वेळांचं मला काही वाटत नाही.

१२ मे
आकडे सकाळचे विसरलो. दुपारी १६०/९०.

उरलेल्या एका वेळेचं लिहितो. जनीन वाचेल असं वाटत नाही, माझं अक्षर तिला लागत नाही.

१९६४ साल. ओरिन तेवीस वर्षांचा, निळ्या टोपीच्या संघात पिचर, चेंडू फेकणारा. मी अठ्ठावीसचा, त्याचा कॅचर आणि प्रवासात त्याच्याच खोलीत. फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून मी दिवसभर त्याच्या तोंडाकडे बघायचो. बायकोच्या तोंडाकडे इतकं पाहिलं नाही. त्याच्याजवळ सरळ चेंडू असा होता की हातमोज्यात बसला की तळहात जेवणापर्यंत ठणकायचा. आणि वळणारा चेंडू असा, की टेबलावरून अंडं गडगडून पडावं.

जूनमध्ये माझ्या लक्षात आलं. वळणारा चेंडू टाकायच्या आधी ओरिनचा डावा गाल फुगायचा. तो आतून जीभ लावायचा, लिमलेटची गोळी ठेवल्यासारखी. सरळ चेंडूला गाल सपाट. दर वेळी. एकदासुद्धा चूक नाही.

पिचरची अशी खोड पहिल्यांदा कॅचरलाच दिसते, आणि त्याला सांगणं हेच कॅचरचं काम. पण तेव्हा ओरिन लागोपाठ पाच सामने जिंकला होता. जिंकत असलेल्या पिचरला कोणी काही सांगत नाही. मोजेही बदलू देत नाहीत. त्याच्या फेकण्याबद्दल बोललो आणि सहावा हरला तर सगळ्या संघानं मला खाल्लं असतं. म्हटलं, हरला की सांगू.

१४ मे
१६४/९६.

१२ जुलै, रविवार. एका तिकिटात दोन सामने होते, समोर लाल टोपीवाले. पहिला सामना मी निळ्या टोपीत खेळलो. दोन सामन्यांच्या मध्ये सॅण्डविच खात बसलो होतो तेवढ्यात आमच्या मॅनेजरनं बोलावलं. म्हणाला, "डेल, तुला दिलं. त्यांना आत्ताच कॅचर हवाय, त्यांच्या माणसाचं बोट मोडलंय. बॅग उचल. लांब जायचं नाहीये."

बॅग उचलून मैदान ओलांडून गेलो. ऐंशी पावलं असतील. ओरिन दुसऱ्या सामन्यासाठी हात गरम करत होता. त्यानं हात हलवला आणि ओरडला, "अरे, सॅण्डविच तरी इकडे ठेवून जा!"

तिकडचा मॅनेजर, बोमन नावाचा जाडा माणूस, त्यानं हातात लाल टोपी दिली आणि विचारलं, "काय आणलंयस?"

मी गालाचं सांगितलं.

ओरिननं पहिल्या डावात एकही माणूस बाद केला नाही. सात धावा गेल्या. त्याला काढलं. आठवड्याभरात खालच्या संघात पाठवलं, तिथेही मार खाल्ला, कारण गालाची गोष्ट तोवर सगळीकडे पसरली होती. त्याला वाटलं हात गेला. त्या थंडीत त्यानं कोपराचं ऑपरेशन करून घेतलं. त्यानंतर तो कधी खेळला नाही. धान्याचा ट्रक चालवला.

त्या डावात मी स्वतः बॅट घेऊन गेलो की नाही, ते आता आठवत नाही.

२२ मे
१६८/९५. जनीन म्हणाली मीठ बंद.

आज धीर करून एल्क फोर्कला फोन लावला. गुडघ्यांचं निमित्त करून नाही म्हणायचं ठरवलं होतं. फोन त्याच्या बायकोनं, लव्होननं घेतला.

"गुडघे? मग काय भाषण गुडघ्यावर करायचंय?" ती म्हणाली. "ये मुकाट्यानं. महिनाभर तोंडात दुसरा विषय नाहीये त्याच्या. म्हणतो, डेल येईल आणि गावाला सांगेल माझ्या हाताचं. इथल्या लोकांना वाटतं ना, की हा घाबरून घरी पळून आला."

"असं म्हणतात?"

"तोंडावर नाही म्हणत. आणि डॉक्टरनं तरी काय केलं? कोपर उघडलं, आत बघितलं, म्हणाला सगळं छान आहे. आता उघडलंच आहे तर थोडं हाड घासतो. त्या घासण्यानं हात वाकडा झाला तो झालाच. शर्टाची बटणं अजून डाव्या हातानं लावतो माझा नवरा."

आत काही सापडलं नव्हतं, हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. चांगला हात कापला. ऑपरेशन करणार हे त्यानं १९६४ च्या नाताळच्या कार्डावर मला आधी कळवलं होतं. "जानेवारीत कापणार आहेत, प्रार्थना कर." मी उलट टपालानं लिहिलं की आमच्याकडे बर्फ पडतो आहे.

फोनवर मी येतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

२९ मे
१७०/१००.

१४ तारखेला खोटं लिहिलं आहे. वहीतसुद्धा खोटं लिहितो, कमाल आहे. आठवतं. सगळं आठवतं.

मी सहावा गेलो. ओरिननं माझ्याकडे बघून डोळा मारला, म्हणजे दोस्ताला सोपा टाकणार नाही बरं का. मग त्याचा गाल फुगला. मी वळणाऱ्याची वाट बघत थांबलो आणि मारला. चेंडू कुंपणापलीकडे गेला. साऱ्या आयुष्यात माझे नऊ होमरन, त्यातला हा सगळ्यात लांब. मी मैदानाची फेरी घेत होतो, लाल टोप्या पाठ थोपटत होत्या, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. या संघात तरी वर्षभर ठेवतील असं वाटलं.

दोन महिने ठेवलं.

५ जून
१६६/९४.

भाषण तीनदा लिहिलं. जनीनला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. पण तुम्ही दर दोन वाक्यांनी खोकता."

"धुळीनं."

"गॅरेजमधल्या टोप्या पुसता, तेव्हा कशी धूळ होत नाही? आई म्हणायची, बाबा दर शनिवारी दहा टोप्या पुसतात, लाल टोपीला हात लावत नाहीत. मी विचारलं का, तर म्हणाली, आपण विचारायचं नाही, तिला आपोआप धूळ बसू दे."

आर्डिसला जाऊन सहा वर्षं झाली. तिनं कधी एका शब्दानं विचारलं नाही. लाल टोपी थोडी वर टांगली आहे, हात पोचत नाही, म्हणून राहते. आर्डिसला उगाच काहीतरी वाटलं असेल.

१६ जून
यंत्र बॅगेत घेतलं. १६९/९८. जनीन गाडी चालवणार. पाच तासांचा रस्ता. भाषणाचा कागद खिशात आहे, तो दर दहा मिनिटांनी चाचपतो. त्याला सांगायचं की नाही? आता सांगून त्याचा हात सरळ होणार आहे का? आणि नाही सांगितलं तर सगळ्या गावासमोर उभं राहून म्हणायचं, याचा हात गेला होता, मी पाहिला. म्हणजे सत्तेचाळीस वर्षं गप्प राहून जे केलं, ते आता तोंडानं करायचं.

सांगायचं तर सोहळ्याच्या आधी. किंवा नंतर. आधी सांगितलं तर त्याचा दिवस नासेल. नंतर सांगितलं तर मी पक्का हलकट. जनीनला विचारलं, एखाद्याला वाईट बातमी केव्हा सांगावी? ती म्हणाली, "आम्ही जेवण झाल्यावर सांगतो."

१७ जून, शुक्रवार
मोजलं नाही.

दुपारी ओरिनकडे जेवलो. हॅम, बटाट्याचं सॅलड, चेरीचा केक. तो थकला आहे, पण खांदे तसेच. उजवा हात कोपरात वाकलेला, जणू कायम काखेत वर्तमानपत्र धरलं आहे. बोलायला तसाच. जनीनला म्हणाला, "तुझा बाप इतके संघ फिरला, की एकदा स्टेशनावर स्वतःच्याच बदलीत आलेल्या माणसाला भेटला." लव्होन हसत होती. मी जेवण झाल्यावर सांगायचं म्हणून जेवण संपवतच नव्हतो. केक तीनदा घेतला. साखर वाढली असेल.

मग ओरिन म्हणाला, "चल, सराव करू. उद्या पहिला चेंडू मी टाकायचाय आणि तो तू झेलायचायस. गावासमोर फजिती नको."

मागच्या अंगणात गेलो. मला उकिडवं बसता येत नाही, म्हणून त्यानं बादली उपडी घालून दिली. तो दहा-बारा पावलांवर उभा राहिला. पहिले दोन सरळ टाकले, हळू, पण छातीवर. मग म्हणाला, "वळणारा बघायचाय? अजून थोडा वळतो."

आणि त्याचा डावा गाल फुगला.

सत्तेचाळीस वर्षांनी. तीच लिमलेटची गोळी. मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून आपोआप बाहेर आलं, "ओरिन, गाल."

"काय?"

"वळणारा टाकताना तुझा डावा गाल फुगतो. सरळला फुगत नाही."

त्यानं हात खाली घेतला. गालाला हात लावून पाहिला.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"तुला कधी कळलं?"

"त्या जूनमध्ये."

तो चेंडू हातात फिरवत राहिला. पिचर मंडळी हिशेबात हुशार असतात, कोणत्या माणसाला कोणता चेंडू कितव्यांदा टाकला ते सगळं डोक्यात. मला त्याच्या तोंडावर दिसत होतं, तो एकेक माणूस मोजत चालला आहे. पहिला. दुसरा. सहाव्याला पोचला आणि थांबला.

"तू मारलास तो वळणारा होता," तो म्हणाला.

"हो."

"बोमनला तूच सांगितलंस."

"त्यानं विचारलं, काय आणलंयस. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं, ओरिन."

"हात कापला त्यांनी माझा, डेल. चांगला हात." आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी बादलीवरून उठायला लागलो. गुडघे उठू देईनात. तो म्हणाला, "बस खाली." मग परत चेंडू टाकला, वळणारा. "आत्ता?"

"फुगला."

"आत्ता?"

"फुगला. थोडा कमी."

असं तासभर चाललं. तो, "आत्ता?" आणि मी, "फुगला." शेवटी चेंडू गवतावर टाकून तो घरात गेला, मागे वळून पाहिलं नाही.

लव्होन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आत जाऊन बुटांचा एक खोका आणला आणि माझ्या मांडीवर आदळला. आत माझी सगळी नाताळची कार्डं. "सत्तेचाळीस आहेत," ती म्हणाली. "प्रत्येकावर हवामान. पाऊस, बर्फ, ऊन, परत बर्फ. तेवढ्याच जागेत मावलं असतं, डेल. 'तुझा गाल फुगतो.' तीन शब्द."

मी खोका घेऊन मोटेलवर आलो. जनीननं रस्त्यात एकदाही काही विचारलं नाही. आईवर गेली आहे.

१८ जून, शनिवार
झोप नाही. मोजलं नाही. सकाळी जनीनला म्हणालो, घरी जाऊ. ती म्हणाली, "मग गाडी तुम्ही चालवा." माझं लायसन दोन वर्षांपूर्वी तिनंच काढून घेतलं आहे.

मैदानावर सगळं गाव होतं. खुर्च्या, पताका, हायस्कूलचा बॅण्ड. ओरिन इकडच्या बाकावर त्याच्या माणसांत बसला होता. मी सरळ पलीकडच्या, पाहुण्यांच्या बाकाकडे निघालो. मैदान ओलांडताना पावलं मोजत होतो. अर्ध्यावर होतो आणि मागून आवाज आला.

"डेल! तिकडे कुठे चाललास? आपला बाक हा."

मी परत फिरलो. त्याच्या शेजारी जागा ठेवली होती. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाषणाचा कागद दे इकडे." मी दिला. त्यानं न वाचताच घडी घालून खिशात टाकला. "तू बोलायचं नाहीस. मी बोलतो."

मला वाटलं, आता आलं. आता सगळ्यांसमोर. आणि ते बरोबरच होतं.

तो माइकवर गेला. म्हणाला, "इतकी वर्षं मी तुम्हाला सांगत आलो की त्या रविवारी माझा हात गेला. गेला नव्हता. हात ठणठणीत होता. फेकताना माझ्याकडून एक चूक होत होती. ती मला दाखवू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि त्याला त्याच दुपारी आमच्याकडून उचलून दुसऱ्याकडे दिला होता. या धंद्यात असंच चालतं. मी घाबरून घरी आलो नाही, मला कळलं नाही म्हणून आलो. आता कळलंय. चला, चेंडू द्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं माझं नाव घेतलं नाही, होमरनचंही बोलला नाही. माझं नाव तोंडात येऊ नये इतका त्याला राग असणार.

मला बादली आणून दिली. तो तीस पावलांवर जाऊन उभा राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. गाल सपाट. अगदी सपाट. सरळ येणार म्हणून मी हातमोजा छातीपुढे धरला.

चेंडू टेबलावरच्या अंड्यासारखा गडगडला. माझ्या हातमोज्याखालून, बादलीला लागून, मागे बॅण्डच्या ढोलापर्यंत गेला. मी बादलीवरून घसरलो आणि सगळं गाव हसलं. ओरिन दोन्ही हात वर करून उड्या मारत होता, म्हणजे एक हात पूर्ण वर आणि एक अर्धा.

"फसलास!" तो ओरडला. "म्हाताऱ्या, फसलास!"

जाताना लव्होननं गाडीच्या काचेतून एक कोरं पोस्टकार्ड दिलं. वर तिकीट लावलेलं, पत्ता तिनंच लिहिलेला. म्हणाली, "हवामान आम्हाला टीव्हीवर दिसतं."

२० जून, सोमवार
सकाळी १२८/८०. हे शक्य नाही. यंत्र गाडीत आपटलं असणार. सेल बदलून परत मोजलं. १२६/७८. जनीनला सांगायला हवं, दुकानात परत देऊन ये म्हणून.

ओरिननं मला माफ केलं की नाही ते काही कळलं नाही. हातात हात दिला, पण डावा. उजवा दुखत असेल. की मुद्दाम? तीन तास विचार केला. पोस्टकार्ड टेबलावर आहे. क्षमा कर, असं लिहायला बसलो तर शब्द सुचेनात, हात हवामानाकडेच वळतो. कार्डाच्या कोपऱ्यात "आज ऊन" एवढं लिहून झालंसुद्धा होतं, ते खोडलं.

जेवल्यावर जनीननं तिच्या फोनमध्ये काढलेलं शूटिंग दाखवलं. ती मी बादलीवरून घसरतो तिथेच परत परत थांबवत होती आणि डोळे पुसत हसत होती. मी म्हटलं, आधीचं दाखव. त्याआधीचं. त्याच्या तोंडाचं.

पाच वेळा बघितलं. गाल सपाट आहे, त्यात शंका नाही. पण चेंडू सोडायच्या आधी उजवी भुवई वर जाते. केसभर.

कार्डावर तेवढंच लिहिलं. "ओरिन, गाल गेला. आता उजवी भुवई उचलतोस. डेल." आणि उद्याची वाट न बघता चपला घालून कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आलो.